पोटाची औषधे आणि पोटापाण्याचा प्रश्न

(परळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या मास्तराने औषधांवर बोलावे, हे तुमच्यापैकी काहींना खटकेल. मी डॉक्टर नाही. माझे भाषण ऐकून कोणी आपली औषधे परस्पर बदलावीत, असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु औषध ही बाजारात विकली जाणारी वस्तू आहे, आणि बाजार कसा चालतो हे शिकवण्यात माझी हयात गेली. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये एका निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. दादरच्या मंडईत बाई वांगे दाबून पाहते, किडके वाटले तर पुढच्या गाळ्याकडे वळते. औषधाच्या दुकानात हे शक्य नाही. तेथे निवडतो एक आणि पैसे देतो दुसरा. शिवाय घेतलेल्या मालाची आपल्याला खरोखर गरज होती की नव्हती, हे पैसे देणाऱ्याला नंतरही कळत नाही. अशा बाजारात ज्ञान हीच गिऱ्हाइकाची एकमेव ताकद असते. म्हणून आज पोटाची आणि यकृताची नेहमीची औषधे शरीरात नेमके काय करतात, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात घरापासून करतो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. संगमेश्वर तालुक्यातून आलेले. चाळीतल्या एका खोलीत आम्ही आठ माणसे. वडिलांना अल्सर होता. पोट रिकामे झाले की दुखायचे, दोन घास खाल्ले की थांबायचे. आई रात्री उशाशी दूध आणि खाण्याचा सोडा ठेवी. डॉक्टरांनी सांगितले, तिखट सोडा, चहा सोडा, जागरण सोडा, राग सोडा. रात्रपाळी करणाऱ्या माणसाने जागरण कसे सोडावे, हे कोणी सांगितले नाही. आई मात्र त्या दिवसापासून रोज दोन कालवणे करू लागली. एक सर्वांचे आणि एक वडिलांचे, बिनमिरचीचे. १९७४ साली, मी अकरावीत असताना, त्यांच्या पोटाचे ऑपरेशन झाले. घरातल्या, चाळीतल्या आणि खात्यातल्या सगळ्यांचे एकमत होते की, हा रोग त्यांच्या तापट स्वभावाचा. वडिलांचेही तेच मत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

आपण बोलताना ‘पित्त झाले’ म्हणतो, परंतु छातीत जळजळ करणारा पदार्थ बहुधा पित्त नसतो. पित्त यकृतात तयार होते. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. जठराच्या अस्तरात काही पेशी असतात, त्यांत अतिसूक्ष्म पंप असतात. गिरणगावच्या भाषेत त्यांना साचे म्हणू. हे साचे पोटॅशियम आत घेतात आणि हायड्रोजन बाहेर टाकतात, त्यातून तीव्र आम्ल बनते. हे साचे सुरू व्हावेत म्हणून तीन भोंगे वाजतात. पहिला मेंदूकडून मज्जातंतूच्या वाटेने येतो, म्हणून जेवणाच्या वासानेच पोटात कालवाकालव होते. दुसरा गॅस्ट्रिन नावाच्या स्रावाचा, तो जठराच्या खालच्या भागातून निघतो. तिसरा हिस्टामिनचा, तो शेजारच्याच पेशींतून येतो.

आता औषधे पाहू. आईचा सोडा आम्लाला मारतो, पण काही मिनिटांचेच काम. त्यातून वायू सुटतो आणि मीठ अंगात जाते, म्हणून रक्तदाबाच्या माणसाला तो बरा नव्हे. बाटलीतले गुलाबी-पांढरे औषधही हेच करते, फक्त जरा सौम्यपणे. त्यातल्या मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतो. दोन्ही एकत्र घालतात ते त्यांनी एकमेकांना सांभाळावे म्हणून. या औषधांनी साचा थांबत नाही. तयार झालेला माल तेवढा वाया जातो.

वडिलांच्या शस्त्रक्रियेत काय केले, ते मला पुष्कळ वर्षांनी उमगले. जठराचा खालचा भाग काढून टाकला आणि मेंदूकडून येणारा मज्जातंतू कापला. तीनपैकी दोन भोंगे सुरीने बंद केले. त्या काळात जगभर हीच रीत होती. तिसरा भोंगा गोळीने बंद करता येईल, हे जेम्स ब्लॅक यांनी दाखवले. सिमेटिडिन १९७६ मध्ये इंग्लंडात बाजारात आले, आणि ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पाठोपाठ १९८१ मध्ये ग्लॅक्सोचे रॅनिटिडिन आले आणि पोट कापण्याची गरज झपाट्याने कमी झाली. या रॅनिटिडिनमध्ये कर्करोगाचा संशय असलेली अशुद्धी सापडल्यावर २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावले, आणि २०२२ मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळले गेले.

१९८८ पासून ओमेप्रॅझोल आणि नंतर पॅन्टोप्रॅझोलसारखी त्याची भावंडे आली. आज घरोघरी ‘सकाळची पित्ताची गोळी’ म्हणतात ती बहुधा हीच. ती भोंग्याशी भांडत नाही, थेट साचाच अडकवते. तिच्यावर लेप असतो, कारण आम्लात ती नासते. आतड्यातून रक्तात, रक्तातून त्या पेशीत, असा तिचा प्रवास आहे. चालू असलेल्या साच्यालाच ती धरते, म्हणून जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची. जेवल्यावर घेतली तर निम्मे पैसे पाण्यात. अडकलेला साचा पुन्हा सुटत नाही. पेशीला नवा उभारावा लागतो, म्हणून एका गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो. गोळी उत्तम आहे. परंतु अल्सरला ती काही आठवडे द्यायची असते, आणि आपल्याकडे ती वर्षानुवर्षे चालते. दीर्घकाळ घेतली तर ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते, आतड्याच्या संसर्गाची शक्यता वाढते. एकाएकी सोडली तर आम्ल उसळते, माणूस घाबरून पुन्हा सुरू करतो. कायमचे गिऱ्हाईक असे तयार होते. काही रुग्णांना ही गोळी कायम लागते, हेही खरे. तेव्हा आपल्याला ती का आणि किती दिवस, हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे.

दुसरी एक गोष्ट हमाल, माथाडी, बांधकाम मजूर यांच्यात काम करणाऱ्यांनी समजून घ्यावी. पाठ दुखते म्हणून ही माणसे डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेतात. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनचे कोडे उलगडले. ही औषधे वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. परंतु जठराच्या अस्तराचे रक्षण करणारेही तेच. वेदना थांबते आणि भिंतही उघडी पडते. मग पोट दुखते म्हणून दुसरी गोळी. पाठ का दुखते, हा प्रश्न त्या दोन गोळ्यांच्या मध्ये हरवतो. पन्नास किलोपेक्षा जड पोते पाठीवर का, असे विचारणे हे औषधाच्या चिठ्ठीत बसत नाही. ते युनियनच्या मागणीपत्रकात बसते.

आता वडिलांकडे परत येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. वडील घरी बसले आणि त्यांचे पोट पुन्हा दुखू लागले. शेजारी म्हणाले, काळजीने. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्या प्रयोगशाळेत ईस्टरच्या सुट्टीमुळे काही काचतबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या, आणि त्यांत एक वेटोळा जंतू वाढलेला दिसला. जठराच्या आम्लात कोणताही जंतू तग धरू शकत नाही, अशी तोवर समजूत होती. हा जंतू स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्ल मारतो आणि अस्तराला चिकटून राहतो. तज्ज्ञ विश्वास ठेवीनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन दाखवला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे नाव. बहुसंख्य अल्सरचे मूळ तोच, हे पुढे मान्य झाले आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

उपचार काय? दोन प्रतिजैविके आणि आम्ल थांबवणारी गोळी, साधारण दहा ते चौदा दिवस. आम्ल थांबवायचे, कारण आम्लात ती प्रतिजैविके नीट काम करीत नाहीत. १९९० च्या दशकाच्या मध्यात वडिलांना हा उपचार मिळाला आणि दुखणे गेले. मी तेव्हा महाविद्यालयात शिकवीत होतो. वर्तमानपत्रातली माहिती मी त्यांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले. आई म्हणाली, “मग मी वीस वर्षं दोन कालवणं केली ती कशासाठी?” तिला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. त्या काळी जे ठाऊक होते तेच त्यांनी सांगितले. वडील विडी ओढत, आणि तंबाखू अल्सर भरू देत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जंतू असलेल्या प्रत्येकाला अल्सर होतो असेही नाही. बहुतेकांना होत नाही. परंतु हा जंतू मुख्यतः बालपणी, घरातल्या माणसांकडून माणसाला जातो. गर्दीची राहणी, एकाच अंथरुणावर चार मुले, पाण्याची टंचाई, ही त्याची वाट. म्हणजे ज्याला आम्ही वडिलांचा स्वभाव समजत होतो, तो मोठ्या प्रमाणात त्यांच्या खोलीचा आकार होता. साथींनो, आजाराचे कारण माणसाच्या स्वभावात शोधणे समाजाला नेहमीच स्वस्त पडते. स्वभाव बदलायला सांगण्याचे पैसे पडत नाहीत. घर बांधायला पडतात.

आम्लाकडून आता जुलाबाकडे. येथून जवळच हाफकिन संस्था आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ मध्ये ती प्रयोगशाळा आली. वाल्देमार हाफकिन यांनी त्याआधी १८९२ मध्ये पटकीची लस स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. परंतु पटकीत माणूस मरतो तो पाणी आणि मीठ निघून गेल्याने, आणि त्यावरचे सर्वांत प्रभावी औषध कोणत्याही कारखान्याच्या मक्तेदारीचे नाही. आतड्याच्या भिंतीला एक दार असते. ते केवळ मिठासाठी पुरेसे उघडत नाही. साखर आणि मीठ जोडीने आले की उघडते, आणि मिठामागून पाणी आत जाते. पटकीचे विष इतर वाटा बिघडवते, हे दार बिघडवू शकत नाही. ओ.आर.एस.चे सारे रहस्य एवढेच. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. नातेवाईकच ते रुग्णांना पाजत. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये ते वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यातच पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच ‘ओ.आर.एस.’ असे नाव लावून विकली जाणारी गोड पेये धोक्याची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे नाव अशा पेयांवर लावण्यास मनाई केली, ती रास्तच होती. लोपेरामाइडसारखी ‘जुलाब बंद’ची गोळी आतड्याची हालचाल मंदावते. पाणी भरून काढीत नाही, जंतू मारीत नाही. लहान मुलांना आणि रक्त पडत असताना ती देऊ नये. जपानमध्ये क्लिओक्विनॉल हे जुलाबाचे औषध घेऊन हजारो माणसांचे पाय आणि डोळे गेले. १९७० मध्ये तेथे त्यावर बंदी आली, १९७८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने सीबा-गायगी कंपनी आणि जपान सरकार यांना जबाबदार धरले. तरीही कंपनीने ते जगाच्या इतर बाजारांतून काढून घ्यायला १९८० चे दशक अर्धे उलटले. मीठ-साखरेच्या जाहिरातीसाठी मात्र कोणती कंपनी पैसे खर्च करील?

आता यकृत. अन्न आणि औषध आतड्यातून रक्तात गेले की प्रथम यकृतात येते. तेथे त्याची मोडतोड होते, विषारी भाग निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. हा कारखाना चोवीस तास, तिन्ही पाळ्या चालतो. पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. योग्य मात्रेत ते फार सुरक्षित औषध आहे. त्याचा थोडा भाग यकृतात विषारी बनतो आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला निकामी करतो. गोळ्या जास्त झाल्या की हा साठा संपतो आणि विष यकृताच्याच पेशी मारू लागते. उपाशी आणि दारू पिणाऱ्या माणसात साठा आधीच कमी असतो. तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची वेगळी समजून माणूस दोन्ही घेतो आणि दोन्हींत पॅरासिटामॉलच असते. म्हणून पाकिटावरचे मोठे नाव वाचू नका, बारीक अक्षरांतले वाचा.

क्षयाच्या औषधांत तिघांचा, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांचा, यकृताला त्रास होऊ शकतो. शिवडीच्या क्षयरुग्णालयाच्या पंचक्रोशीत काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या सुरू झाल्या तर रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. नाहीतर दोनपैकी एक अनर्थ होतो. माणूस गोळ्या गिळत राहतो आणि यकृत जाते, किंवा घाबरून उपचार कायमचा सोडतो आणि क्षय बळावतो.

आणि ‘लिव्हर टॉनिक’? यकृताला ‘शक्ती’ देणारे असे औषध वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले नाही. मग लोकांना गुण का येतो? दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे घेतले असेल, बाटली, मुळी वा मंतरलेले पाणी, त्याला श्रेय मिळते. कोंबडा आरवल्याने सूर्य उगवला, असे समजण्यासारखेच ते. ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीला मात्र जीवघेणी ठरू शकते. तेथे टॉनिकच्या भरवशावर एक दिवसही काढू नये. आणि त्या काविळीचे खरे औषध नळाच्या आणि गटाराच्या जुन्या वाहिन्या एकमेकींपासून दूर ठेवणे हे आहे.

बी आणि सी या रक्तातून पसरणाऱ्या काविळींवर खरी औषधे आहेत. विषाणू आपली नक्कल काढू लागला की ही औषधे त्याला खोटा मणी पुरवतात, माळ तेथेच तुटते. टेनोफोव्हिर बी ला दाबून ठेवते. सोफोस्बुव्हिर इतर औषधांच्या जोडीने सी ला बहुतेक रुग्णांत समूळ काढते. २०१३ मध्ये अमेरिकेत त्याची एक गोळी हजार डॉलरना होती, आणि एका रुग्णाला अशा चौऱ्याऐंशी गोळ्या लागत. तेच औषध भारतीय कारखान्यांतून त्या किमतीच्या अगदी लहानशा अंशात निघू लागले. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही काविळींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. ही बातमी वस्तीत पोहोचवणे हे आपले काम आहे.

स्वस्ताई आकाशातून पडली नाही. तिचा एक धागा परळमधूनच जातो. हाफकिन संस्थेने मधुमेहावरच्या टॉलब्युटामाइडची स्वतःची पद्धत शोधली, युनिकेम या मुंबईच्या कंपनीने त्या पद्धतीने औषध बनवले, तर हेक्स्ट या जर्मन कंपनीने दावा लावला आणि १९६८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. कायदा इंग्रजांच्या वेळचा, १९११ चा होता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले. तो १९७२ पासून लागू झाला. आपल्या कारखान्यांना पोटाच्या गोळ्या वेगळ्या पद्धतीने बनवता आल्या त्या यामुळे. १९७५ च्या हाथी समितीने औषधे टप्प्याटप्प्याने मूळ नावाने विकावीत अशी शिफारस केली. ती बरीचशी कागदावर राहिली. २००५ पासून औषधावरचे पेटंट परत आले.

तेव्हा प्रत्येक शाखेने वस्तीत निदान तीन प्रश्न रुजवावेत. ही गोळी शरीरात काय थांबवते किंवा काय भरून काढते? ती किती दिवस घ्यायची? आणि तेच औषध मूळ नावाने, जनऔषधी दुकानात किंवा पालिकेच्या दवाखान्यात मिळते का? हे प्रश्न डॉक्टरांचा अपमान नव्हेत. चांगल्या डॉक्टरांना ते आवडतात.

चौथा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, आपल्याला विचारायचा आहे. हा आजार या माणसापर्यंत आला कोणत्या वाटेने? खोलीतून, नळातून की पाठीवरच्या पोत्यातून? वडील गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. शेवटची काही वर्षे ते सर्वांबरोबर एकाच टोपातले कालवण जेवले. आईने त्यात मिरची मात्र कमीच घातली. म्हणायची, हात आता तसाच वळतो.